‘कधीच नाही’ या वेळेला नाव देताना : लिनक्स कर्नलमधील टायमर-अवस्थांचे एक वाचन

घटिकापात्राचे काम दोन वाक्यांत सांगता येते. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. चोवीस मिनिटांत ती भरते, बुडते आणि एक घटका संपते. पुढची घटका मोजायची असेल तर कोणीतरी ती वाटी उचलून, रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवायला हवी. ठेवली नाही तर वाटी तळाशी पडून राहते. त्या पडून राहण्याला आपण वेगळे नाव दिले नाही, कारण तशी गरज पडली नाही. लग्नघरात घटका भरली की अक्षता पडतात आणि वाटीकडे कोणी वळूनही पाहत नाही.

संगणकातही अशा वाट्या असतात. त्यांना टायमर म्हणतात. ठरावीक काळ मोजून झाला की टायमर प्रोसेसरला हाक मारतो. या हाकेला तंत्रज्ञ ‘इंटरप्ट’ म्हणतात. प्रोसेसर हातातले काम बाजूला ठेवतो, हाक ऐकतो आणि पुन्हा कामाला लागतो. हे टायमर सांभाळणे हे संगणकाच्या कर्नलचे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचे काम. त्यासाठी कोणता टायमर या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद कर्नलला ठेवावी लागते. प्रस्तुत लेख या नोंदीच्या भाषेविषयी आहे. लिनक्स या कर्नलच्या संहितेत टायमर-अवस्थांची नावे कशी आली, कशी चुकली आणि कशी सुधारली, हे इथे पाहायचे आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : बुडून तळाशी शांत पडलेल्या वाटीची गरज लिनक्सला २००७ मध्ये पडली, पण त्या अवस्थेला स्वतःचे नाव मिळायला २०१५ उजाडले. मधल्या काळात संहितेतील ही उणीव यंत्रांना विनाकारण जागवत राहिली. शब्द नसला की वस्तू दिसत नाही हे विधान साहित्यचर्चेत आपण सहज करतो. इथे त्याचा पुरावा विजेच्या रूपात मिळतो.

टीका या शब्दाचा जुना अर्थ

संगणकाची संहिता ही समीक्षेचा विषय होऊ शकते का, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. आपल्याकडे ‘टीका’ हा शब्द आज दोष काढण्यासाठी वापरला जातो, पण त्याचा जुना अर्थ ओळीओळीने केलेले विवरण असा आहे. मूळ ग्रंथाला न सोडता, त्याच्या शब्दाशब्दाला विचारीत पुढे जाणारे भाष्य. संगणकाच्या जगात या अर्थाची एक प्रसिद्ध टीका आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना युनिक्स शिकवत. १९७५ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल दहा हजारांहून कमी ओळींचा होता. लायन्स यांनी तो संपूर्ण छापला आणि त्याला जोडून ओळींच्या क्रमाने भाष्य लिहिले. पुढच्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात असे शिकवण्यावर बंधन आणले, तेव्हा ही टीका छायाप्रतींच्या रूपाने एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिली. पुस्तक म्हणून ती राजरोस प्रसिद्ध झाली १९९६ मध्ये. तोवर संगणकशास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी तिच्यावर वाढली होती.

त्या सहाव्या आवृत्तीतील घड्याळाचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या घरगुती विजेचे सेकंदाला होणारे साठ हेलकावे हाच त्याचा ठोका. ‘इतक्या ठोक्यांनी मला आठवण कर’ असे सांगणाऱ्यांची यादी कर्नल ठेवतो, पण प्रत्येकाची पूर्ण वेळ लिहीत नाही. पहिल्याची वेळ लिहितो आणि पुढच्या प्रत्येकासाठी आधीच्यापासूनचे अंतर तेवढे लिहितो. एकाला पाच ठोक्यांनी आणि दुसऱ्याला आठ ठोक्यांनी उठवायचे असेल तर यादीत पाच आणि तीन असे आकडे येतात. मग प्रत्येक ठोक्याला फक्त पहिल्या आकड्यातून एक वजा केला की भागते. ही काटकसर डोळ्यांत भरते. मात्र या संहितेत घड्याळाच्या अवस्थांचा विचार नाही. ठोका बाहेरून, विजेच्या तारेतून येतो. तो येतच राहणार हे गृहीत आहे.

ठोक्यांचे राज्य

लिनसचा पहिला कर्नल सप्टेंबर १९९१ मध्ये बाहेर आला. त्यातही हेच गृहीत दिसते. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली एक टायमर चिप त्या यंत्रात होती. कर्नल सुरू होताना तिला एकदा सांगतो : सेकंदाला शंभर वेळा हाक मार. त्यानंतर तिच्याशी बोलण्याचे त्याला कारण उरत नाही. तिला एकच अवस्था आहे, ती म्हणजे चालू. एकच अवस्था असेल तर तिला नाव लागत नाही.

या चिपचा वेगही मजेशीर आहे. ती सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ पर्यंत मोजते. लिनसच्या पहिल्या संहितेत हा आकडा ११,९३,१८० असा लिहिलेला आहे. इतका आडनिडा आकडा कुठून आला? अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या रंगसंकेताच्या चौपट वेगाने कंप पावणारा स्फटिक पीसीच्या रचनाकारांनी निवडला, कारण पडद्यासाठी लागणारा संकेत त्यातून सहज मिळत होता. त्याच स्फटिकाच्या वेगाला बाराने भागून टायमर चालवला. त्यामुळे जगभरच्या पीसींमधील सेकंद कितीतरी वर्षे अमेरिकेच्या दूरचित्रवाणीच्या हिशेबात मोजला गेला. हे गणित पूर्णांकात सुटत नाही. सेकंदाला हजार ठोके हवे असतील तर ११९३ पर्यंत मोजावे लागते आणि उरलेला अपूर्णांक सोडून द्यावा लागतो. या फरकाचा हिशेब कर्नलने वेगळा ठेवला नाही, तर घड्याळ दिवसाला तेरा सेकंदांच्या आसपास चुकेल.

लिनक्समध्ये ठोक्यांच्या गणतीला ‘जिफी’ म्हणतात. इंग्रजी बोलीतला हा शब्द आपल्या ‘निमिष’च्या जवळचा आहे : पापणी लवते न लवते एवढा काळ. ही गणती ३२ अंकांच्या द्विमान खणात ठेवली आणि सेकंदाला शंभर ठोके धरले, तर ४९७ दिवसांनी खण भरून आकडा पुन्हा शून्यावर येतो. दीड वर्ष बंद न पडलेल्या यंत्रातच उघडकीला येणारी चूक कोण शोधणार? यावर कर्नलकारांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. त्यांनी गणती शून्यापासून सुरू न करता खण भरायला पाच मिनिटे उरतील अशा आकड्यापासून सुरू केली. म्हणजे ४९७ दिवसांनी होणारा अपघात प्रत्येक यंत्रात पाचव्या मिनिटाला होतो, आणि चूक असेल तर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत होते. आपला दोष लपू नये अशी व्यवस्था स्वतःच्याच मजकुरात करून ठेवणारे लेखक विरळा.

२००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ आवृत्तीत पीसीवरचे ठोके सेकंदाला हजार झाले. २००५ मध्ये शंभर, अडीचशे आणि हजार असे पर्याय देऊन अडीचशे हा सर्वसाधारण आकडा ठरला. या हेलकाव्यामागे एक न सुटलेला पेच होता. ठोके जास्त असतील तर वेळ बारकाईने पाळता येते, पण काहीही काम नसलेला प्रोसेसर सेकंदाला हजार वेळा दचकून उठतो. उठून पाहतो तर काम नसते. पुन्हा डोळा लागतो न लागतो तोच पुढचा ठोका. लॅपटॉपची बॅटरी या दचकण्यात जात होती. ठोक्यांचा आकडा बदलून हा पेच सुटणार नव्हता. ठोका हवाच का, असे विचारायला हवे होते.

घड्याळ आणि गजर

हा प्रश्न २००६–०७ मध्ये विचारला गेला. थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोल्नार आणि जॉन स्टल्ट्झ यांची नावे या टप्प्याशी जोडली जातात. एप्रिल २००७ मध्ये आलेल्या २.६.२१ आवृत्तीत त्याचे उत्तर संहितेत उतरले. या उत्तराचे मर्म मला एका भेदात दिसते. ‘आत्ता किती वाजले?’ हा एक प्रश्न आहे आणि ‘मला अमुक वेळी उठव’ ही दुसरी गोष्ट आहे. जुन्या संहितेत एकच ठोका दोन्ही कामे करी. नव्या संहितेत दोन वेगळी पात्रे आली. पहिल्याचे नाव क्लॉकसोर्स, दुसऱ्याचे क्लॉक इव्हेंट डिव्हाइस. मराठीत साधे शब्द आहेत : घड्याळ आणि गजर. भिंतीवरचे घड्याळ कोणाला उठवत नाही, आणि गजर लावला नसेल तर तो मुका असतो. घरातल्या लहान मुलालाही कळणारा हा भेद कर्नलच्या भाषेत यायला सोळा वर्षे लागली.

भेद झाल्यावर गजराला दोन तऱ्हा मिळाल्या. पहिली पिरिऑडिक : ठरल्या अंतराने वाजत राहणारा, देवळातल्या तासासारखा. दुसरी वनशॉट : एकदाच वाजणारा, घटिकापात्रासारखा. आता काम नसलेला प्रोसेसर पाहू शकतो की पुढचे काम आणखी ४० मिलिसेकंदांनी आहे. तो तेवढ्यासाठी एकदाच गजर लावतो आणि मधले ठोके वगळून झोपतो.

इथून संहिता गुंतागुंतीची होत जाते, आणि वाचकाच्या दृष्टीने रोचकही. भूतकाळातल्या वेळेचा गजर लावला तर काय करायचे? गजर लावण्याची सूचना टायमरपर्यंत पोचेपर्यंत ती वेळ टळून गेलेली असू शकते. अशा वेळी हे काम करणारी प्रक्रिया ‘वेळ गेली’ अशा अर्थाचा एक ठरलेला दोषांक परत पाठवते. तरीही गजर हवाच असा आग्रह असेल तर त्या टायमरला झेपेल एवढ्या किमान अंतराचा गजर लावला जातो. म्हणजे झोपलेल्याची वेळ चुकू शकते, पण त्याला उठवायचे राहून जात नाही.

दुसरी गुंतागुंत अधिक मानवी आहे. काही प्रोसेसर गाढ झोपले की त्यांचा स्वतःचा गजरही झोपतो. उशाशी ठेवलेले घड्याळ झोपणाऱ्याबरोबरच थांबावे तसे हे आहे. संहितेत या वैशिष्ट्याची नोंद करताना टिपणीकाराने इंग्रजीतल्या ‘गुण’ या अर्थाच्या शब्दाआधी कंसात एक नकारार्थी उपसर्ग जोडला आहे. मराठीत ‘गुण(दोष)’ असे लिहावे तसा तो वाचता येतो. यावरचा उपाय वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. झोपायला जाणारा पहारेकऱ्याला सांगून ठेवतो : ‘मला चारला उठवा.’ गाढ झोपी जाणारा प्रोसेसर आपली वेळ एका सामायिक, न झोपणाऱ्या टायमरकडे सोपवतो. तो टायमर सगळ्या झोपलेल्यांमधल्या सर्वांत लवकरच्या वेळेला वाजतो आणि ज्याची वेळ झाली त्याला उठवतो. ज्या यंत्रात असा वेगळा टायमरच नाही तिथे एका प्रोसेसरला पहारेकरी व्हावे लागते, आणि त्या काळात त्याला गाढ झोपता येत नाही. ही सोय २०१४ मध्ये आली.

उठ, आणि जागा

इतक्या तऱ्हा झाल्यावर गजराच्या नोंदीसाठी नावांची यादी आवश्यक झाली. २००७ च्या संहितेत ती ‘मोड’ या शीर्षकाखाली आली. पाच मोड होते : अनयूज्ड, शटडाउन, पिरिऑडिक, वनशॉट आणि रिझ्यूम. मराठीत सांगायचे तर : न वापरलेला, बंद, पुन्हापुन्हा वाजणारा, एकदाच वाजणारा, आणि पाचवा… ‘पुन्हा सुरू हो’.

पाचवे नाव इतर चार नावांत बसत नाही हे मराठी वाचकाच्या कानाला लगेच जाणवेल. पहिली चार विशेषणे आहेत, पाचवा आज्ञार्थ आहे. माणसांची वर्णने लिहिताना ‘झोपलेला, बसलेला, उभा, चालणारा, ऊठ’ असे कोणी लिहीत नाही. गजर ‘बंद’ या अवस्थेत राहू शकतो. ‘पुन्हा सुरू हो’ या अवस्थेत तो राहू शकत नाही, कारण ती अवस्था नाही, ते दोन अवस्थांच्या मधले एक पाऊल आहे. संगणक निद्रेतून परत येताना ड्रायव्हरला एक निरोप द्यायचा होता. निरोप पाठवण्याची वाट आणि अवस्था नोंदवण्याची वाट एकच होती, म्हणून निरोप अवस्थांच्या यादीत जाऊन बसला.

हा केवळ व्याकरणाचा दोष नव्हता. प्रत्येक ड्रायव्हरला एकच कार्य लिहावे लागे. त्याला कोणताही मोड दिला जाई आणि त्याने पाचही शक्यता स्वतः तपासायच्या. काही ड्रायव्हरांना पाचव्या नावाचे काय करावे ते उमगत नसे आणि ते रिकाम्या खणात टाकून दिलेले दिसते. शिवाय नवे नाव यादीत घालायचे तर सगळ्या ड्रायव्हरांच्या वागण्याची काळजी. याद्या अशाच गोठतात. नवा अनुभव येतो, पण यादी वाढवण्याचा खर्च पाहून तो जुन्याच कुठल्यातरी नावाखाली ढकलला जातो.

२०१५ मध्ये ही यादी मोडली. या फेरीतले बरेचसे बदल विरेश कुमार यांनी लिहिले, ग्लाइक्सनर यांनी ते तपासले आणि त्यांना जोड दिली. ‘मोड’ जाऊन ‘स्टेट’, म्हणजे अवस्था, हा शब्द आला. एका कार्याऐवजी प्रत्येक अवस्थेत जाण्यासाठी वेगळे कार्य आले. ‘रिझ्यूम’ला अवस्थांच्या यादीतून काढून निरोपाच्या जागी, त्याच्या योग्य जागी, बसवले. आणि नवी पाच नावे अशी झाली : डिटॅच्ड, शटडाउन, पिरिऑडिक, वनशॉट आणि वनशॉट स्टॉप्ड.

बंद म्हणजे काय

या पाचांपैकी तीन नावे न वाजणाऱ्या गजराची आहेत. ‘बंद’ हा आपला शब्द अतिशय सोशीक आहे. दुकान बंद आहे असे म्हटले तर गाळा विकला असेल, साप्ताहिक सुटी असेल, किंवा मालक दुपारी एक ते चार वामकुक्षी घेत असेल. शटर तिन्ही वेळा सारखेच खाली असते. पण गिऱ्हाईकाने काय करायचे ते तिन्ही वेळा वेगळे असते. पहिल्या दुकानी पुन्हा जायचे नाही, दुसऱ्या दुकानी उद्या जायचे, तिसऱ्याच्या पायरीवर थांबायचे.

कर्नलची तीन नावे हाच भेद करतात. डिटॅच्ड : हा गजर आता कारभारात नाही, त्याची जागा दुसऱ्याने घेतली. शटडाउन : कारभारात आहे, पण बंद करून ठेवला आहे. वनशॉट स्टॉप्ड : एकदाच वाजण्याच्या तऱ्हेत आहे, तयार आहे, पण या क्षणी त्याला कोणतीही वेळ दिलेली नाही. घटिकापात्र तळाशी आहे. उचलायला माणूस शेजारीच बसला आहे.

हे तिसरे नाव येण्याआधी काय होत होते ते पाहिले की नावाचे मोल कळते. काम संपले, पुढे कोणतेही काम ठरलेले नाही, अशी स्थिती प्रोसेसरला येते. तेव्हा पुढचा गजर कधीचा? उत्तर आहे : कधीच नाही. पण संहितेतील वेळेच्या खणात ‘कधीच नाही’ लिहिता येत नाही, तिथे फक्त आकडा मावतो. म्हणून त्या खणात मावणारा सर्वांत मोठा आकडा लिहायचा असा संकेत होता, आजही आहे. नॅनोसेकंदात मोजलेला हा आकडा सुमारे २९२ वर्षांचा होतो. ‘कधीच नाही’चे भाषांतर ‘२९२ वर्षांनी’ असे झाले.

हा संकेत कर्नलला समजत होता. गजराच्या चिपला तो सांगायची वाट नव्हती. इतक्या लांबचा गजर लावणे निरर्थक, म्हणून कर्नल नवा गजर लावायचेच टाळी. पण मागच्या ठोक्याच्या वेळी पुढच्या ठोक्यासाठी लावलेला गजर चिपमध्ये तसाच राहिलेला असे. तो निदान एकदा तरी विनाकारण वाजे. काही टायमरांना एकदाच वाजणे ठाऊकच नसते. त्यांचे ड्रायव्हर पुन्हापुन्हा वाजणाऱ्या यंत्राकडून एकदाच वाजण्याचे सोंग वठवून घेतात. अशा यंत्रावर तो विसरलेला गजर जुन्या अंतराने वाजतच राही. ज्याला गाढ झोपायचे होते तो दचकत राही, आणि कर्नलच्या वहीत मात्र सारे शांत. २०१३ पासून लिनक्सने एखादा प्रोसेसर एकाच कामाला वाहून त्याला ठोक्यांपासून शक्य तितके मोकळे ठेवण्याची सोय दिली होती. तिथे तर एकेक निष्कारण हाक म्हणजे दिलेल्या शब्दाचा भंग होता.

‘खूप उशिरा’ आणि ‘कधीच नाही’ यांत फरक आहे. एक तारीख आहे, दुसरी तारखेची अनुपस्थिती. अनुपस्थितीला तारखेच्या खणात बसवले की खाली काम करणारा तिला तारीखच समजतो किंवा दुर्लक्षितो. २०१५ च्या संहितेने ‘कधीच नाही’ ही वेळ न मानता अवस्था मानली. आता तो २९२ वर्षांचा आकडा समोर आला की कर्नल गजराला ‘थांबलेला’ या अवस्थेत नेतो आणि चिपला खरोखर गप्प करतो. नवे काम आले की आधी अवस्था बदलायची, मग वेळ द्यायची. शिवाय या अवस्थेत येण्याचा मार्ग एकच ठेवला आहे : वनशॉटमधून. दुसऱ्या कोणत्या अवस्थेतून कोणी इथे येऊ पाहिले तर कर्नल तो आपल्याच गाभ्यातला दोष समजतो, इशारा नोंदवतो आणि नकार देतो.

काही आक्षेप

या संहितेचे कौतुक करून थांबणे योग्य होणार नाही. तिच्यावर माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला. ‘थांबलेला’ ही अवस्था ऐच्छिक ठेवली आहे. ड्रायव्हरने ते कार्य लिहिले नसेल तर कर्नलला ‘सोय नाही’ असे उत्तर मिळते, आणि गजर वहीत आणि वस्तुतः वनशॉटमध्येच राहतो. वहीत खोटे लिहिले जात नाही हे खरे, पण त्या यंत्राला शांतताही मिळत नाही. शेकडो जुन्या ड्रायव्हरांचा विचार करता हा व्यवहारी मार्ग आहे. तरीही त्यातून असा अर्थ निघतो की वाजणे हे गजराचे कर्तव्य आणि गप्प राहणे ही मर्जी. ज्या संहितेने गप्प राहण्याला नाव दिले तिनेच त्याला दुय्यम ठेवले.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कर्नलच्या वहीतली अवस्था ही टायमरची अवस्था नसून टायमरविषयी कर्नलची समजूत आहे. अवस्था बदलण्याची सूचना आली की कर्नल आधी आपली वही पाहतो. तीच अवस्था आधीच नोंदलेली असेल तर तो चिपकडे जातच नाही. समजूत बरोबर असेल तर ही काटकसर. समजूत चुकीची असेल तर सुधारणेची वाटच बंद. म्हणून यंत्र निद्रेत जाताना कर्नल गजराला आधी ‘बंद’ अवस्थेत नेतो आणि वहीत तसे लिहितो, म्हणजे परत आल्यावर त्याला सारे नव्याने सांगावे लागते. हा उपाय चांगला आहे, पण तो लिहिणाऱ्याच्या दक्षतेवर उभा आहे. संहितेच्या रचनेत समजूत आणि वस्तुस्थिती ताडून पाहण्याची नित्याची जागा नाही.

असे अंतर पडले तर काय होते, याचे जवळचे उदाहरण ३० जून २०१२ चे आहे. तिथे बिघाड गजराच्या अवस्थेचा नव्हता, घड्याळ आणि गजर यांच्या आपसातल्या समजुतीचा होता. पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेण्यासाठी त्या दिवशी जागतिक वेळेत एक सेकंद जास्तीचा घातला. आपल्याकडे तेव्हा १ जुलैच्या पहाटेचे साडेपाच वाजत होते. घड्याळ एक सेकंद मागे आले, पण गजरांच्या यादीला ते सांगायचे राहिले. दोघांत एका सेकंदाचे अंतर पडले. मग सेकंदापेक्षा कमी अंतराचे गजर लावल्याबरोबर वाजू लागले. कार्यक्रम उठत, लगेच नवा गजर लावत, तो लगेच वाजे. जगभरातले कितीतरी सर्व्हर या गरगरण्यात तापले आणि नावाजलेल्या संकेतस्थळांना त्याचा फटका बसला. गंमत अशी की यंत्राला तारीख-वेळ पुन्हा एकदा सांगितली की ते बरे होई, कारण तेवढ्याने घड्याळ आणि गजर यांची पुन्हा गाठ पडे.

तिसरा आक्षेप नावांविषयीच आहे. ज्या खणात अवस्था नोंदली जाते त्याच्या नावात ‘थेट हात लावू नका, ठरलेल्या प्रश्नांतून विचारा’ अशा अर्थाची सूचना गुंफली आहे. मालकाने वहीच्या कव्हरवर ‘वही’ असे न लिहिता ‘कारकुनाला विचारा’ असे लिहावे तसा हा प्रकार. यामागची भीती समजते : पूर्वी कोणीही थेट त्या खणात डोकावत असे, आणि खण बदलला की ते सारे अडखळत. तरी नावाने वस्तू सांगावी आणि नियम दुसरीकडे लिहावा, हे बरे. ‘रिझ्यूम’ला अवस्थांतून काढताना ज्यांनी आज्ञा आणि वर्णन यांत फरक केला, त्यांनीच खणाच्या नावात आज्ञा आणून बसवली.

मूल्यमापन

हे आक्षेप धरूनही २०१५ ची फेरी मला लिनक्सच्या संहितेतील महत्त्वाच्या लेखनकृतींपैकी एक वाटते. तिने नवे यंत्र आणले नाही, नवी गणना शोधली नाही. तिने एका जुन्या यादीतले एक क्रियापद बाहेर काढले आणि एक न दिसणारी अवस्था आत आणली. संपादक हस्तलिखितावर जे काम करतो त्याच्याशी याचे नाते आहे.

मराठीत संगणकाविषयी लिहिले जाते तेव्हा ते बहुधा वापराविषयी किंवा भयाविषयी असते : यंत्र काय करते, आपल्यावर काय ओढवते. यंत्राच्या आत माणसांनी माणसांसाठी लिहिलेला मजकूर आहे, त्यात शब्दनिवड आहे, चुकीचे नाव आणि त्याची फळे आहेत, याकडे आपण पाहत नाही. हा मजकूर गुप्तही नाही. लिनक्सची संहिता कोणालाही वाचायला खुली आहे आणि कोणी, केव्हा, कोणत्या कारणाने कोणता शब्द बदलला याची नोंद तिच्यासोबत आहे. पाठचिकित्सा करणाऱ्याला हस्तलिखितांच्या बाबतीत असे भाग्य क्वचितच लाभते. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी हाच कर्नल आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात ही संहिता दिवसभर चालू असते, किंवा नेमके सांगायचे तर जमेल तेवढा वेळ थांबलेली असते. तिच्यावर टीका लिहायला, जुन्या अर्थाने, मराठी टीकाकाराला कोणाची आडकाठी नाही.